शनिवार तेली आणि अग्निरथ

बेर शेवाच्या जुन्या शहरात तुर्की अमदानीतले एक दगडी रेल्वे स्टेशन आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, तुर्कांनी आपले सैन्य सिनाईच्या दिशेने नेण्यासाठी इथवर रूळ आणले, तेव्हाचे ते. आता तिथे गाडी येत नाही. पण आवारात एक मोठे काळे वाफेचे इंजिन उभे करून ठेवले आहे, आणि सुट्टीच्या दिवशी आईबाप मुलांना ते दाखवायला आणतात. गेल्या हनुक्काच्या सुट्टीत आम्हीही आमच्या नातीला घेऊन गेलो. ती सतरा वर्षांची आहे. शाळेबरोबर पोलंडची सहल करून नुकतीच परतली होती.

इंजिन दिसताच आमची पावले आपोआप भरभर पडू लागली. आम्ही चाकाला हात लावला, दांड्यावरून हात फिरवला, ड्रायव्हरच्या जागेकडे मान उंच करून पाहिले. वळून पाहतो तर नात दहा पावले मागेच थांबलेली.

"सबा, तुम्हाला हे आवडतं?" तिने विचारले.

विचारण्याची तऱ्हा अशी होती की आम्हाला क्षणभर काही उमगेना. मग उमगले. तिने पोलंडात रूळ पाहिले होते. ते रूळ जिथे जाऊन संपतात ती जागाही पाहिली होती.

त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आले नाही. हिब्रूत सांगायला गेलो तर शब्द अपुरे पडले, आणि मराठी तिला स्वयंपाकघरापुरतीच येते. घरी आल्यावर ठरवले की आपल्या मासिकात एकदा हे सगळे लिहून काढावे. आमच्या वयाची मंडळी वाचतील आणि आपापल्या नातवंडांना सांगतील. आमच्या नातीला कोणीतरी वाचून दाखवीलच.

आपल्या समाजाची आणि आगगाडीची ओळख अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि ओढायला तीन इंजिने. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. चौतीस किलोमीटरच्या त्या वाटेवर एका टोकाला मुंबईतली आपली वस्ती आणि दुसऱ्या टोकाला ठाणे. ठाण्यात पुढे 1879 साली शाआर हाशामाईम हे आपले प्रार्थनामंदिर उभे राहिले. मधल्या मशीद बंदर स्टेशनाचे नाव कुठून आले हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. ती मशीद म्हणजे सामुएल दिवेकरांनी 1796 साली बांधलेली आपली जुनी मशीद, शाआर हारहमीम, असे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. रोज लाखो माणसे त्या स्टेशनावर चढतात-उतरतात. त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल?

कोकणातून आपले लोक मुंबईत येऊ लागले ते रेल्वेच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात. पलटणीत गेले, बांधकामावर गेले, सुतार, गवंडी, मिस्त्री झाले. लिहायला-वाचायला शिकल्यावर कारकून झाले. त्यामुळे रेल्वेला माणसे हवी झाली तेव्हा आपल्याकडे नेमकी तीच तयार होती. परळच्या वर्कशॉपात, स्टेशनांवर, तारऑफिसात, हिशेबखात्यात आपली माणसे लागली. नवगाव, रेवदंडा, पेण, पेझारी, रोहे अशा गावांची नावे 'कर' लावून अंगावर मिरवणारी माणसे भुसावळ, झाशी, अजमेर, कराची इथल्या रेल्वे क्वार्टरांत राहू लागली. कराचीत 1893 साली मागेन शालोम बांधले गेले. त्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटत होती.

यातली गंमत अशी की ज्या गावांची नावे घेऊन आपण सगळ्या हिंदुस्थानात रुळांवरून हिंडलो, त्या गावांना गाडीच नव्हती. अलिबागेकडे जायचे तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला किंवा धरमतरला उतरायचे आणि पुढे टांगा, छकडा नाहीतर पाय. कोकण रेल्वे पुरी झाली ती 1998 साली, तोवर आपली बहुतेक मंडळी इकडे आली होती. अलिबागला तर आजही प्रवासी गाडी जात नाही.

आमचे वडील इगतपुरीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. आम्ही चार भावंडे तिथल्या रेल्वे कॉलनीत वाढलो. कॉलनीत आमचे एकच इस्राएली घर. शेजारी गोवेकर ख्रिश्चन, अँग्लो इंडियन, खानदेशातले पाटील, उत्तरेकडचे भय्ये. सगळ्यांच्या अंगाला एकच वास यायचा, कोळशाचा आणि तेलाचा.

इगतपुरीचे महत्त्व ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. मुंबईहून नाशिककडे जाणारी वाट कसाऱ्यानंतर थळ घाट चढते. चढ इतका की 37 फूट पुढे गेले की एक फूट वर. 1865 साली गाडी हा घाट चढून इगतपुरीला आली. बोरघाट त्याच्या दोन वर्षे आधी, 1863 साली, खुला झाला होता. हे घाट म्हटले की आपण साहेबाच्या अक्कलहुशारीचे गोडवे गातो. पण बोरघाटात हजारो मजूर दगड फोडता फोडता मेले. पटकी आली, ताप आले, सुरुंग उडाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल स्वतः 1859 साली मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत दगावला, आणि त्याच्या विधवा पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते काम तडीस नेले. मजुरांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. खिडकीतून धबधबे पाहताना आम्हाला लहानपणी हे कोणी सांगितले नव्हते.

1930 सालापर्यंत मुंबई ते इगतपुरी आणि मुंबई ते पुणे या दोन्ही वाटांवर विजेच्या तारा आल्या. म्हणून आमच्या लहानपणी मुंबईहून आलेली मेल इगतपुरीपर्यंत विजेच्या इंजिनाने यायची, कसाऱ्याला मागून ढकलायला आणखी इंजिने लागायची, आणि इगतपुरीला ती सगळी सुटून वाफेचे इंजिन जोडले जायचे. मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनांना लोक खेकडा म्हणत. चाकांना जोडलेल्या दांड्यांची खडखड करत ती खरोखरच खेकड्यासारखी चालत. आम्हा पोरांना त्यांचे काडीइतके कौतुक नव्हते. शेडमधून धूर सोडत, मागे मागे सरकत, आपल्या गाडीला भिडायला येणारे वाफेचे इंजिन पाहायला मात्र आम्ही शाळा सुटल्याबरोबर पुलावर धावायचो.

इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. आपल्या मंडळींच्या बैठकीत जुन्या गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "दख्खनच्या राणीचा तो धूर आठवतो का?" दख्खनच्या राणीला धूर नव्हता. 1 जून 1930 रोजी ती सुरू झाली ती विजेवरच. धूर आठवतो तो पुण्यापुढे सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा असेल, नाहीतर दुसऱ्या कोणत्या गाडीचा. पण आठवणीत सगळ्या आवडत्या गाड्या धूर सोडत जातात, त्याला इलाज नाही.

धूर सोडणारी खरी राणी म्हणजे आमची पंजाब मेल. 1912 पासूनची गाडी. पूर्वी ती मुंबईच्या बॅलार्ड पियरहून थेट पेशावरला जायची. विलायतेहून बोटीने आलेले साहेब बंदरावरच गाडीत बसायचे. फाळणीनंतर ती फिरोजपूरला थांबू लागली. तिची चढाओढ होती ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या फ्रंटियर मेलशी. ती 1928 साली सुरू झाली, बडोदा-रतलामकडून दिल्लीला आणि पुढे पेशावरला जायची. अजमेरचे आमचे मामा फ्रंटियर मेलच्या बाजूचे, बाबा पंजाब मेलच्या. दोघे भेटले की कोणती गाडी कुठे किती मिनिटे उशिरा आली यावर जेवण थंड होईपर्यंत वाद चालायचा. आई म्हणायची, "दोन्ही गाड्या तुमच्या तीर्थरूपांच्याच आहेत जशा काही."

पंजाब मेलला इगतपुरीत जोडायचे ते डब्ल्यूपी जातीचे इंजिन. बंदुकीच्या गोळीसारखे गोल नाक आणि त्यावर तारा. पहिली सोळा इंजिने 1947 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून आली होती. हा बाल्डविन कारखाना लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

असे इंजिन तयार करायचे म्हणजे बटण दाबून होत नसे. थंड इंजिनात आग घातली की पुरेशी वाफ धरायला कित्येक तास जात. राख झाडायची, खंगर खरवडायचे, पाणी भरायचे, वाळू भरायची. ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून पुढे वाळू सोडावी लागे, आणि इगतपुरीच्या पावसात तर ती किती लागत असेल! ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतून धुवायचा. बाबांचे काम दांडे, बेअरिंगा आणि ब्रेक यांचे. हातोडीने ठोकून आवाजावरून ते सांगायचे कुठे ढिले आहे. त्यांच्या हातात सदानकदा तेलाची लांब चोचीची झारी असे.

त्या झारीवरून कॉलनीत त्यांची थट्टा चाले, पण ती थट्टा ते स्वतःच पहिल्यांदा करत. कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. बाबा म्हणायचे, "घाणा सुटला, बैल सुटला, पण तेल काही सुटलं नाही. फक्त शनिवार सुटला."

हे वाक्य ते हसत म्हणायचे. त्यातले दुःख आम्हाला फार उशिरा कळले. शेडला सुट्टी नसते. मेल शुक्रवारी रात्री येते तशीच शनिवारी सकाळीही येते. मग एका गोवेकर सहकाऱ्याशी त्यांचा करार होता. त्याचा रविवार बाबा सांभाळायचे आणि बाबांचा शनिवार तो. दोघांनी अशी कित्येक वर्षे काढली. तो आजारी असला, त्याच्या घरी लग्न असले की बाबांना शब्बाथला जावे लागे. शुक्रवारी संध्याकाळी ते नारळाचा काथ्या आणि सोडा घेऊन मोरीत बसत आणि नखांतला काळा काढत. तो कधीच पुरता निघाला नाही. आई काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावी. त्या दिव्यापुढे बाबा ओंजळ धरून उभे राहत. दिव्याच्या उजेडात ती काळी नखे आम्हाला अजून दिसतात.

सण मात्र त्यांनी एकही सोडला नाही. नव्याच्या सणाला आणि दारफाळणीच्या सणाला आम्ही सगळे पास काढून ठाण्याला जायचो. रेल्वेचा पास ही काय चीज होती, हे आजच्या मुलांना कसे सांगावे? वर्षातून मोजक्या वेळा मिळणारा तो कागद. त्यावर बाबांचे नाव, आईचे, आम्हा चौघांची वये. तो कागद नसता तर आम्ही आपल्या माणसांत वर्षातून एकदाही गेलो नसतो. भुसावळचे, कल्याणचे, लोणावळ्याचे आपले रेल्वेवाले असेच पास काढून मुंबई-ठाणे-पुण्याच्या देवळांत यायचे. आम्हाला नेहमी वाटते की आपल्या समाजाला कोकणातून उचलून दूर दूर फेकले ते रेल्वेने, आणि सणासुदीला गोळा करून परत एका ओळीत बसवले तेही रेल्वेनेच. कितीतरी सोयरिकी त्या पासांवर जुळल्या. आमच्या आत्याची जुळली ती कल्याण स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये.

मोठा प्रवास म्हणजे मे महिन्यातली अजमेरची वारी. मामा तिथल्या वर्कशॉपात होते. अजमेरचे वर्कशॉप म्हणजे साधे प्रकरण नव्हे. 1895 साली हिंदुस्थानात बांधलेले पहिले इंजिन तिथूनच बाहेर पडले, आणि मामा ही गोष्ट अशी सांगायचे की जणू ते स्वतः त्या वेळी हजर होते. निघण्याआधी आई एलियाहू हन्नाबीला बोलायची की सगळे सुखरूप परतले तर मलिदा करीन. मग वळकट्या बांधायच्या, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, आणि शिदोरी. स्टेशनवरचे मटण-कटलेट आपल्याला चालत नसे, म्हणून दोन दिवस पुरेल इतके घरून. तांदळाच्या भाकऱ्या पहिल्या दिवसाला, पुऱ्या आणि तिखट बटाटे, उकडलेली अंडी, घाऱ्या, आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधलेले भाजलेले चणे. डब्यातले लोक विचारायचे, "तुम्ही कोण?" बाबा म्हणायचे, "बेने इस्राएल." "म्हणजे?" मग पुढच्या स्टेशनापर्यंत सगळा इतिहास, नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून. शेवटी ते गृहस्थ म्हणायचे, "पण मराठी छान बोलता हो तुम्ही!"

खिडकीची जागा आळीपाळीने. खिडकीत बसले की डोळ्यात कोळशाचा कण जाणार हे ठरलेले. आई पदराचे टोक पिळून, त्यावर फुंकर घालून, तो कण असा अलगद टिपायची की दुखायचे नाही. सदरा खंडव्यापर्यंत काळ्या ठिपक्यांचा झालेला असे. खंडव्याला पंजाब मेल सोडायची आणि मीटर गेजच्या लहान गाडीत बसायचे. रूळ लहान, डबे लहान, इंजिनही आपल्या वयाचे वाटायचे. मोरटक्क्याला नर्मदा लागायची. पुलावर सगळा डबा उठून उभा राहायचा आणि पैसे टाकायचा. आई टाकत नसे, पण मुलांनी टाकले तर रागवतही नसे. पुढे कालाकुंडचा घाट. तिथे मागून दुसरे इंजिन लागायचे, पुढचे आणि मागचे एकमेकांना शिट्ट्या देत चढायचे, आणि पाताळपाणीच्या वळणावर आपल्याच गाडीचे दोन्ही धूर एकदम दिसायचे. मग महू, इंदूर, रतलाम, चित्तोडगढ. दुसऱ्या दिवशी मामा फलाटावर उभे. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले, "किती उशीर?"

एलियाहू हन्नाबीचे नाव आले म्हणून सांगतो. आपल्या कोकणात अलिबागजवळ खंडाळे आहे. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात. आम्हाला लहानपणी ते खंडाळे आणि बोरघाटातले खंडाळा ही दोन वेगळी गावे आहेत हे माहीत नव्हते. त्या काळच्या जुन्या मराठीत आगगाडीला अग्निरथ असेही म्हणत, आणि एलियाहू हन्नाबी अग्निरथात बसून स्वर्गात गेले हे तर आई दर मलिद्याला सांगायची. दोन आणि दोन चार. आमची पक्की खात्री होती की हन्नाबी बोरघाट चढून, खंडाळ्याला पाणी भरून, पुढे गेले. धाकट्या भावाने तर आईला विचारले होते की त्यांना फायरमन कोण होता.

1963 साली आम्ही इकडे आलो. बेर शेवात शिकूनच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले. बाबा एका कारखान्यात लागले. इथल्या रेल्वेने वाफेची इंजिने 1950च्या दशकाच्या अखेरीसच मोडीत काढली होती. बाबांनी पहिल्याच महिन्यात चौकशी केली आणि डिझेल आहे कळल्यावर "बरं" म्हणून गप्प बसले.

आम्हा भावंडांचा खेळ मात्र इगतपुरीचाच राहिला. जिन्यात एकामागे एक उभे राहून, पुढच्याचा सदरा धरून, शिट्टी मारत, फुसफुस करत वरपासून खालपर्यंत जायचे. जिना म्हणजे थळ घाट. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. त्या पोलंडच्या. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग आम्हा प्रत्येकाच्या हातावर एकेक बिस्किट ठेवून त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की दुसरे काही खेळा, हे नको. त्यांचा हात थरथरत होता. आम्हाला वाटले, आवाजाचा त्रास होत असेल.

बाबांना कारखान्यात कोणीतरी समजावून सांगितले असावे. आइखमनच्या खटल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. रेडिओवरून साक्षी ऐकून लोक पहिल्यांदाच उघड बोलू लागले होते. बाबांनी आम्हाला बसवून दोन वाक्यांत सांगितले की त्या बाईंना त्यांच्या आईवडिलांसकट गाडीत घातले होते, आणि परत त्या एकट्या आल्या. जिन्यातला खेळ त्या दिवशी बंद झाला. बाबांच्या इंजिनाच्या गोष्टीही. म्हणजे त्यांनी त्या सांगणे सोडले नाही, पण सांगायच्या तर खिडकी लावून, मराठीत आणि हळू. आपल्या घरात आनंदाची म्हणून जी गोष्ट होती, ती शेजाऱ्याच्या कानावर पडू नये अशी झाली. तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. पण ज्या माणसाने उभी हयात इंजिनांचे सांधे जपले, त्याला हे किती जड गेले असेल!

पुढे कित्येक वर्षांनी त्याच बाई एकदा जिन्यात बाबांपाशी थांबल्या. तुम्ही रेल्वेत होता असे ऐकले, म्हणाल्या. बाबा चपापले. बाईंनी विचारले, "तुमच्याकडे लोक गाडीने कुठे जायचे?" बाबांचे हिब्रू तोडकेमोडके. त्यांनी बोटे मोजत सांगितले. लग्नाला. शाळेला. नोकरीला. काशीला. आईकडे. बाई म्हणाल्या, "आणि परत यायचे?" बाबा म्हणाले, "पास दोन्ही बाजूंचा असतो."

त्यानंतर कधीमधी त्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत, आणि बाबा त्यांना अजमेरची वाट स्टेशन-स्टेशन करून सांगत. त्या ऐकत. स्वतःचे काही सांगत नसत.

आता त्या बेर शेवाच्या इंजिनाविषयी. त्यावर 70414 हा क्रमांक रंगवला आहे, पण ते मूळचे 70414 नव्हे. त्या क्रमांकाचे इंजिन इथल्या रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन होते आणि ते केव्हाच भंगारात गेले. सध्याचे त्याचे भावंड आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बांधलेले, तुर्कस्तानात चाललेले, आणि 2012 साली इथे आणलेले. त्याच कारखान्याने 1950 साली हिंदुस्थानच्या मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी जातीची पहिली इंजिने बांधली, आणि त्या जातीची इंजिने बाबांच्या हाताखालून गेली. आणि तो बाल्डविन कारखाना? 26 सप्टेंबर 1892 रोजी याफो ते यरुशलायीम रेल्वे समारंभाने खुली झाली, आणि तिच्या गाड्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविननेच बांधलेल्या इंजिनांनी ओढल्या. त्या रेल्वेचा परवाना मिळवणारे योसेफ नावोन यरुशलायीमचेच, आपल्या धर्माचे. सत्त्याऐंशी किलोमीटरची वाट, आणि रूळ मीटर गेजचे, अगदी मामांच्या अजमेरच्या गाडीसारखे. ब्रिटिशांनी ते पुढे रुंद केले. म्हणजे यरुशलायीमला पहिल्यांदा गेलेली गाडी आणि आम्हाला मामांकडे नेणारी गाडी एकाच मापाच्या रुळांवरून चालली. हे बाबांना माहीत नव्हते. आम्हालाही ते गेल्यानंतर कळले, नाहीतर त्यांना किती आवडले असते!

हिंदुस्थानातही मोठ्या रुळांवरच्या रोजच्या गाड्यांना आता वाफ उरलेली नाही. मोठ्या रुळांवरची शेवटची नियमित वाफेची गाडी 1995 सालच्या डिसेंबरात धावली. इगतपुरीपुढे भुसावळच्या बाजूला विजेच्या तारा गेल्या त्या आम्ही निघून आल्यावर, 1960च्या दशकाच्या अखेरीस. आमच्या शेडमधले कोळशाचे ढीग त्यानंतर कोणी उचलले, ठाऊक नाही.

नातीला एक गोष्ट सांगायची राहिली, ती निघण्याच्या दिवसाची. आदल्या संध्याकाळी आईने मलिदा केला होता, पोहे, गूळ, खोबरे, पाच फळे, आणि सगळ्या कॉलनीला वाटला होता. सकाळी आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. या वेळी पास एकाच बाजूचा होता. गाडीला अर्थात विजेचे इंजिन, घाट उतरायचा म्हणून. पण शेडच्या बाजूला, पाण्याच्या नळाखाली, एक डब्ल्यूपी इंजिन मेलची वाट पाहत वाफ धरून उभे होते आणि त्यावर बाबांचे ते शनिवार सांभाळणारे गोवेकर मित्र होते. आमचा डबा समोर आला तेव्हा त्यांनी शिट्टीची दोरी ओढली ती सोडलीच नाही. एवढी लांब शिट्टी कामाच्या नियमांत बसत नाही, बाबा नंतर सांगत. आम्ही बोगद्यात शिरलो तरी ती ऐकू येत होती.